गोठ्यातला प्लग : गुहागरच्या एका घरगुती निवासाचा चार्जिंगखर्च

घरगुती निवास चालवणाऱ्या काकांपुढे गाड्यांच्या चार्जरची दोन कोटेशनं होती. एक ३० किलोवॅटच्या डीसी फास्ट चार्जरचं (थेट बॅटरीत वीज भरणाऱ्या), बसवणुकीसकट सात-आठ लाखांच्या घरातलं. दुसरं भिंतीवर लावायच्या ७.४ किलोवॅटच्या एसी चार्जरचं (घरातलीच वीज गाडीला देणाऱ्या पेटीचं) : नुसत्या पेटीचे पंचेचाळीस हजार, आणि वायरिंगच्या रकान्यात "प्रत्यक्ष पाहून". दोन्ही फोनवर बोलून आलेली. मीटर कुठे आहे आणि गाडी कुठे उभी राहते, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नव्हतं. मी इलेक्ट्रिकल कंत्राटदार, चिपळूण-गुहागर पट्ट्यात कामं करतो. यातलं कुठलं घ्यायचं ते सांगायला काकांनी मला बोलावलं होतं.

जागा गुहागरची, त्यामुळे आखणी ठरलेली. पुढे रस्ता, रस्त्याला लागून चिऱ्याचं घर, पुढे खळं, मागे नारळ-पोफळीची लांबट वाडी आणि वाडी संपली की सुरूची झाडं, वाळू, समुद्र. काकांनी वाडीच्या मागच्या अंगाला पाहुण्यांसाठी सहा खोल्या बांधल्या आहेत. मीटर पुढच्या पडवीत, गाड्या मागे खोल्यांजवळ. मधलं अंतर टेपने मोजलं तर ४५ मीटर भरलं. सगळा खर्च या ४५ मीटरमध्ये लपलेला होता, आणि तो एकाही कोटेशनमध्ये नव्हता.

विषय निघाला तो एका पाहुण्यामुळे. मुंबईचं कुटुंब, प्लग-इन हायब्रिड गाडी, मुक्काम तीन रात्रींचा. गाडीसोबत आलेली केबल त्यांनी पंपाच्या शेडमधल्या १६ अँपिअरच्या पॉइंटला लावली, आणि केबलवरच्या डबीचा लाल दिवा लागला. खोलीतल्या एसीच्या पॉइंटवर लावून पाहिली, तिथेही तेच. पाहुणे रागावले नाहीत, पेट्रोलवर हिंडले आणि निघताना म्हणाले, "पुढच्या वेळी सोय झाली तर बरं." काकांनी ते मनाला लावून घेतलं. इंटरनेटवर "ईव्ही चार्जर" शोधला आणि दोन दिवसांत कोटेशनं दारात.

आधी गाडी कोणती ते बघा

हायब्रिड म्हटलं की सगळे एकाच टोपलीत टाकतात. इनोव्हा हायक्रॉस, ग्रँड विटारा, होंडा सिटी यांची हायब्रिड मॉडेलं रस्त्यावर भरपूर दिसतात, पण त्यांना प्लगच नाही. त्यांची छोटी बॅटरी इंजिनावर आणि ब्रेक मारताना भरते. त्यांच्यासाठी एक रुपयाही खर्च करायला नको. प्लग-इन हायब्रिड म्हणजे जिची बॅटरी भिंतीवरून भरता येते आणि शिवाय पेट्रोलची टाकीही असते. आपल्याकडे अशा गाड्या थोड्या, आणि ज्या आहेत त्या महागातल्या : व्होल्वोची एक्ससी ९० टी ८, बीएमडब्ल्यूची एक्सएम वगैरे. करही त्यांच्या विरुद्ध आहे. पूर्ण इलेक्ट्रिक गाडीला ५ टक्के जीएसटी, तर मोठ्या हायब्रिडला सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. म्हणजे अशा गाडीचे पाहुणे गुहागरात रोज येणार नाहीत, हे काकांना मी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं.

आता या गाडीची भूक. आपल्या पाहुण्यांच्या गाडीची बॅटरी अठरा-एकोणीस किलोवॅट-तासांची. त्यातली वापरता येते साधारण पंधरा. चार्ज करताना उष्णतेत जाणारं धरलं तर भिंतीतून सतरा युनिट ओढले की बॅटरी भरली. सोबतची केबल १० अँपिअरवर चालली तर साडेसात तास, ३.३ किलोवॅट मिळाले तर पाच-सव्वापाच तास. पाहुणा रात्री दहाला जेवून झोपतो आणि सकाळी आठला घावनं मागतो. एवढ्या वेळात गाडी निवांत भरते.

आणि फास्ट चार्जर? बहुतेक प्लग-इन हायब्रिडना डीसीचं तोंडच नसतं. काही मॉडेलं अपवाद आहेत, पण ज्या गाडीसाठी हा घाट घातला तिला ती सात लाखांची पेटी लावताच आली नसती. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून कोटेशनकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. ७.४ किलोवॅटच्या पेटीचीही तीच गत : कित्येक प्लग-इन हायब्रिडच्या आतला चार्जर ३.७ किलोवॅटचाच असतो. बाहेर दुप्पट क्षमतेची पेटी लावली तरी गाडी आपल्याच चालीने वीज घेणार.

पेट्रोलची कमाल मर्यादा

या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे गणित, आणि चार्जर विकणारे ते कधी मांडत नाहीत.

पूर्ण इलेक्ट्रिक गाडीवाला बॅटरी संपत आली की अडतो, मग तो युनिटला पंचवीस मागितले तरी देतो आणि तीस मागितले तरी. प्लग-इन हायब्रिडवाला कधीच अडत नाही. त्याच्याकडे टाकी आहे. सतरा युनिटांत त्याची गाडी पन्नास किलोमीटर जाते. तेच पन्नास किलोमीटर पेट्रोलवर काढायला, लिटरला बाराचं अ‍ॅव्हरेज धरलं, तर चार लिटरच्या थोडं वर पेट्रोल लागतं. लिटर १०४ रुपयांनी धरलं तर साधारण ४३० रुपये. म्हणजे सतरा युनिटांची कमाल किंमत ४३०, युनिटला पंचवीस. त्याच्या वर एक रुपया मागा, शहाणा माणूस केबल गुंडाळून डिकीत टाकेल. पंचविसाच्या बरोबरीनेही तो केबल काढायचे कष्ट घेणार नाही. पंधरा ते वीसच्या आत असेल तर घेईल.

काकांचं वीजबिल व्यापारी दराचं. स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क सगळं वाटून युनिट तेरा रुपयांच्या आसपास पडतं. म्हणजे युनिटमागे सुटणार जेमतेम चार-पाच रुपये, एका गाडीमागे ऐंशीच्या घरात. एवढ्या मार्जिनवर ज्या वस्तूची किंमत निघणार आहे ती लाखांत असून चालत नाही. युनिटमागे आठ रुपये सुटले असं मानलं तरी साडेसात लाखांसाठी नव्वद हजारांवर युनिट विकावे लागतील. काका म्हणाले, "आणि जून ते सप्टेंबर ते फेडायचे कोणी? समुद्राने?"

त्यांचा प्रश्न थट्टेचा असला तरी मुद्द्याचा होता. ३० किलोवॅटचा चार्जर म्हणजे लाइनवर साधारण ३३ केव्हीएचा भार (केव्हीए हे ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेचं माप). त्यांच्या आळीचा ट्रान्सफॉर्मर ६३ केव्हीएचा, त्यातला निम्मा एकट्या काकांनी मागायचा. ट्रान्सफॉर्मर वाढवायचा झाला तर तो खर्च वेगळा आणि वाट पाहणंही वेगळं. व्यापारी जोडणीचा मंजूर भार २० किलोवॅटच्या वर गेला की स्थिर आकार केव्हीएच्या मागणीवर लागतो. स्वतंत्र ईव्ही जोडणी घेतली तरी तिथेही आकारणी केव्हीएवरच. श्रावणात एकही गाडी आली नाही तरी तो आकार बिलात येणारच. फास्ट चार्जरची जागा चिपळूणला, राष्ट्रीय महामार्ग ६६ वर. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांतही महामार्गावर ठराविक अंतराने चार्जिंगची सोय असावी असं म्हटलं आहे, कारण तिथे गाडी अर्धा तास थांबते. गुहागर हा रस्त्याचा शेवट. इथे आलेली गाडी रात्रभर उभीच असते.

लाल दिवा कशाचा होता

पंपाच्या शेडपासून सुरुवात केली. टेस्टरने पाहिलं तर पॉइंटला फेज डावीकडे आणि न्यूट्रल उजवीकडे, उलटं. ते क्षुल्लक. तिसऱ्या, जाड पिनेत काहीच नव्हतं. अर्थिंगची, म्हणजे गळालेली वीज जमिनीत नेणारी, वायर सॉकेटपर्यंत आली होती, पण तिचा पाठलाग करत मागच्या अर्थच्या खड्ड्यापर्यंत गेलो. झाकण काढलं. जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाइप वरच्या वीतभर भागात गंजून पापुद्रे सुटलेला, क्लॅम्पचा बोल्ट बोट लावताच तुटून हातात आला, आणि तांब्याच्या वायरचं टोक हिरव्या पुडीत नुसतं टेकवून ठेवल्यासारखं. वायर आहे, खड्डा आहे, पाइप आहे, फक्त एकमेकांशी संबंध नाही. खाऱ्या वाऱ्यात हे पंधरा वर्षांत होतंच. पंप चालतो, फ्रिज चालतो, एसी चालतो, कोणाला पत्ता लागत नाही. गाडीची केबल मात्र आधी अर्थ तपासते आणि मगच वीज घेते. म्हणून तिचा लाल दिवा. खरं तर त्या पाहुण्याने काकांवर उपकारच केले. सहा खोल्यांच्या गीझरना अर्थ नव्हतं, हे त्या डबीने सांगितलं.

म्हणून अर्थिंगचा खर्च मी चार्जिंगच्या खात्यात टाकायला तयार नव्हतो. तो कधीचा राहून गेलेला खर्च होता. काकांनी मात्र तो एकाच वहीत, चार्जिंगच्या खालीच लिहिला, आणि माझं काही चाललं नाही.

दुसरी गोष्ट वायरची. पंपापर्यंत गेलेली वायर २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची. पंपाला ती पुरते. ३.३ किलोवॅटची गाडी चौदा-सव्वाचौदा अँपिअर घेते, आणि पंपासारखी अर्धा तास नाही, सलग पाच तास. ४५ मीटर जाऊन-येऊन ९० मीटरच्या या वायरीत साडेनऊ व्होल्ट गळतात आणि सव्वाशे-दीडशे वॅटची उष्णता होते. मे महिन्यात, सगळ्या आळीचे एसी सुरू असताना, लाइनच्या टोकाला आधीच २०५-२१० व्होल्ट येतात. अंजनवेलचा १९६७ मेगावॅटचा वीजप्रकल्प याच तालुक्यात उभा आहे, पण व्होल्टेज ठरतं ते लाइनच्या लांबीने आणि तारेच्या जाडीने, शेजारी कोण राहतं त्याने नाही. त्यातले आणखी दहा गेले तर गाडी कुरकुरणार. ६ चौरस मिलिमीटर तांबं घेतलं की गळती चार व्होल्टवर येते.

अ‍ॅल्युमिनियमचा पर्याय काकांनीच काढला. हिशेबाने तो चूक नाही. १० चौरस मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमचा रोध ६ चौरस मिलिमीटर तांब्याइतकाच, आणि किंमत निम्म्याहूनही कमी. पण अ‍ॅल्युमिनियमचं दुखणं टोकाला असतं. जोडावर पांढरी बुरशी धरते, जोड सैल होतो, तापतो. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर मी ते करत नाही. इथे मी हट्ट धरला.

खर्चाचा पहिला आणि दुसरा कागद

मागे खोल्यांजवळ दोन पॉइंट द्यायचे म्हणून मी पहिला अंदाज काढला. आर्मर्ड तांब्याची केबल २४ हजार. माडांच्या मुळांतून दोन फूट चर खणून पाइप टाकणं ११ हजार. दोन नवीन अर्थ, तांब्याचा मुलामा दिलेल्या सळ्या आणि चेंबरसकट, १४ हजार. एमसीबी, ए टाइपच्या दोन आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारे स्विच), सर्ज प्रोटेक्टर (विजेचा जादा झटका अडवणारा), टायमर, दोन सबमीटर आणि पॉलिकार्बोनेटची पेटी मिळून १९ हजार. पावसापासून झाकलेले १६ अँपिअरचे दोन सॉकेट १,८००. मजुरी ९ हजार. एकूण ७८,८००.

ज्याला लोक "चार्जर" समजतात, म्हणजे गाडी जिथे लावायची ती जागा, तिची किंमत यात अठराशे रुपये. केबल आणि चर मिळून पस्तीस हजार. काकांनी हेच पकडलं आणि विचारलं, "मग गाडीच पुढे आणली तर?"

बरोबर प्रश्न. पण पुढच्या खळ्यावर काकूंचा हक्क. नोव्हेंबरपासून तिथे सुपारी वाळते आणि एप्रिल-मेमध्ये आमसुलं, म्हणजे नेमका पाहुण्यांचा हंगाम. काकू स्वयंपाकघरातून बाहेर येऊन एवढंच म्हणाल्या, "गाडीखालची आमसुलं तुम्ही खा." विषय संपला.

तोडगा निघाला गोठ्यात. बेड्यातून, म्हणजे फाटकातून, आत शिरलं की विहिरीच्या अंगाला जुना गोठा, गुरं काढल्याला काही वर्षं झाली, आत नारळाची सोडणं, लाकडं आणि मोडका पंप. तीन बाजूंनी चिऱ्याची भिंत, वर कौलं, मीटरपासून वायरच्या वाटेने १४ मीटर. एक लांब गाडी आणि शेजारी एक छोटी आरामात मावते. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे सॉकेटवर आयतं छप्पर मिळणं ही मोठी गोष्ट. चर नाही, केबल भिंतीवरून. दुसरा कागद असा : केबल ६,५००, क्लॅम्प-पाइप १,५००, अर्थ १४ हजार, पेटी १९ हजार, सॉकेट १,८००, मजुरी ६ हजार. एकूण ४८,८००. अंतर कमी केल्याने बरोबर तीस हजार वाचले. लाकडं आणि सोडणं मात्र मी आधी बाहेर काढायला लावली, सुक्या सोडणांशेजारी रात्रभर पाच तास चालणारा पॉइंट मी देणार नव्हतो.

आरसीसीबीवर काकांनी हात आखडायचा प्रयत्न केला. बाजारात एसी टाइपची स्वस्त मिळते. गाडीच्या चार्जरमधून थोडा डीसी प्रवाह मागे गळू शकतो, आणि तो आला की एसी टाइपची आरसीसीबी आंधळी होते, गळती असूनही पडत नाही. म्हणून ए टाइप, ३० मिलिअँपिअरची. ओल्या हातांनी, ओल्या जमिनीवर, अनवाणी उभा असलेला माणूस सॉकेटला हात लावणार आहे, हे धरूनच कोकणात काम करायचं असतं.

भार आणि परवानगी

मंजूर भार १५ किलोवॅट, थ्री फेज. संध्याकाळी सहा एसी आणि गीझर एकदम सुरू झाले की तोच भरतो. त्यात दोन गाड्यांचे साडेसहा किलोवॅट टाकले तर भार वाढवून घ्यावा लागला असता. त्याऐवजी टायमर : पॉइंट रात्री अकराला चालू, सकाळी सहाला बंद, आणि दोन पॉइंट दोन वेगळ्या फेजवर. सहानंतर गीझर लागतात. सात तासांत प्लग-इन हायब्रिड भरून होते, केबल दहाच अँपिअरची असली तरी थोडीच राहते. भार वाढवायचा अर्ज टळला.

वीज विकायला लायसन्स लागेल का, ही काकांची भीती होती. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने १३ एप्रिल २०१८ रोजीच खुलासा केला आहे की गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीजविक्री नाही, त्यामुळे विद्युत कायदा २००३ खाली लायसन्स लागत नाही. बाहेरच्या येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांसाठी पाटी लावून स्टेशन चालवायचं तर ईव्हीसाठीची स्वतंत्र जोडणी घेणं सरळ. काकांनी पाटी लावली नाही. मुक्कामाच्या पाहुण्यांपुरती सोय, एवढंच ठेवलं.

एक हंगाम झाल्यावर

दर असा ठरला : प्लग-इन हायब्रिडला रात्रीचे सरसकट ३००, पूर्ण इलेक्ट्रिकला सबमीटरवर युनिटला १८. तीनशे म्हणजे पेट्रोलच्या ४३० च्या बरेच खाली, त्यामुळे कोणी घासाघीस केली नाही. ते मुंबईचं कुटुंब दिवाळीनंतर पुन्हा आलं. रात्री गोठ्यात गाडी लावायची, दिवसा वेळणेश्वर-हेदवी करून परत यायचं, असं त्यांनी जवळजवळ सगळं विजेवर केलं. घाटीच्या चढांना मधूनच इंजिन सुरू होई, तेवढंच.

बाकी हंगामात प्लग-इन हायब्रिड हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आल्या. सबमीटर फिरवला तो इलेक्ट्रिक नेक्सॉन आणि टियागोवाल्यांनी. तीस किलोवॅट-तासांच्या गाडीला १६ अँपिअरवर नऊ-दहा तास लागतात, म्हणून काकांनी टायमरची वेळ त्यांच्यासाठी दहाला ओढली आणि सकाळी एक गीझर उशिरा लावायला शिकले. केबल ६ चौरस मिलिमीटरची असल्याने उद्या एका पॉइंटच्या जागी ७.४ किलोवॅटची पेटी लावायची तर केबल बदलावी लागणार नाही. ती पेटी आत्ता घेऊ नका असं मी सांगितलं आहे. इलेक्ट्रिकवाले पाहुणे वाढले आणि एका रात्रीत गाडी भरेना, तरच.

पैसे फिटले का? युनिटच्या मार्जिनने बघाल तर नाही, आणि फिटणारही नाहीत. पाच रुपयांच्या हिशेबाने दहा हजार युनिट, म्हणजे प्लग-इन हायब्रिडच्या भाषेत सहाशे गाड्या हव्यात. काका हा खर्च गरम पाण्याच्या खात्यात धरतात. गीझरचं वेगळं बिल पाहुण्याला कोणी लावत नाही, पण गीझर नसला तर खोली जात नाही. चार्जिंग आहे का असं विचारून आलेल्यांनी हंगामात ज्या खोल्या भरल्या त्यांतून निम्म्याहून जास्त खर्च निघाला, असं ते म्हणतात. त्यांची वही मी पाहिलेली नाही, पण काका आकडा फुगवून सांगणाऱ्यांतले नव्हेत.

हे बघून वरच्या सड्यावरच्या (कातळी पठारावरच्या) एका घरवाल्याने मला बोलावलं. त्याच्याकडे मीटर आणि पार्किंग यांच्यात पाच मीटरही नाहीत, त्यामुळे त्याला वाटलं पंचवीस हजारांत होईल. केबलचे पैसे त्याचे खरोखरच वाचतात. पण खाली सगळा जांभा. पाणी धरून ठेवत नाही, एप्रिलमध्ये ठणठणीत कोरडा, आणि सळी ठोकून जाणारी नाही. ब्रेकरने खड्डा मारून, बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरून, दोन ऐवजी तीन अर्थ जोडावे लागतील. माझा अंदाज पंचेचाळीस हजारांवर गेला आहे, आणि त्यातला निम्म्याच्या आसपास अर्थिंगचा. पावसाआधी खड्डे मारून घ्या, म्हणजे ऐन मेमधल्या कोरड्या जमिनीचं रीडिंग मिळेल, एवढं त्याला सांगून आलो आहे. अजून त्याचा फोन आलेला नाही.